सात साड्यांत एक टोक

मुंबईच्या थंडीला थंडी म्हणायचं म्हणजे थट्टाच. पंधरा दिवस येते, लोकांना कपाटातले स्वेटर काढायला लावते आणि त्यांचा डांबरगोळ्यांचा वास उडायच्या आत निघून जाते. पण आमच्या भांडुपच्या टेकडीवर सकाळच्या नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं, की माझं डोकं चाळीस वर्षं मागे जातं. बाकीच्यांना थंडी म्हणजे गुळाची पोळी, मला थंडी म्हणजे शिपमेंट. साकीनाक्याच्या गल्लीतला पहिला मजला, तीस मशिनी, कापडाच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, वाफेच्या इस्त्रीची फुस्सफुस्स, आणि परदेशातल्या पोरींच्या उन्हाळ्यासाठी आम्ही कुडकुडत शिवलेले बिनबाह्यांचे फ्रॉक. लिंबाच्या रंगाचे. एवढाले. दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचे.

माझी विजूही तेव्हा दोनच वर्षांची होती. माप घ्यायला मला टेप लागत नसे, डोळे मिटले की पुरे.

या थंडीत विजू नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिची मुलगी प्राची या थंडीत बाळंत व्हायची होती, आणि आईच नाही म्हटल्यावर बाळंतपणाला आजीकडे येणार होती. सातव्या महिन्यात आली तेव्हा एक गाठोडं घेऊनच आली. आईच्या साड्या.

"आजी, याची गोधडी शिव ना. मला बाकी काही नको. पाळणा नको, ते टेडीबेअर नको. घरी आल्या दिवशी बाळाला आईच्या साडीवर ठेवायचंय. एवढंच."

गाठोडं सोडलं तर सात साड्या. शाळेत खिचडी शिजवायची नोकरी होती विजूला, त्या नोकरीतली आभाळी रंगाची. साखरपुड्याची पोपटी. दवाखान्याच्या फेऱ्यांतली ती तपकिरी, जिला मी हात लावायला धजत नव्हते. आणि सगळ्यात खाली लग्नातली पांढरी. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, तीच. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. ती मी वरच्या थराला ठेवली. बाळाच्या गालाला तीच लागायला हवी.

आता गोधडी हातानं शिवतात हे शेंबडं पोरही सांगेल. धावदोरा घालायचा, गप्पा मारत, महिना लागला तर लागू दे. माझी मैत्रीण कुंदा तेच सांगत होती. कुंदा त्या साकीनाक्याच्या मजल्यावर माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची, आता आमच्या खालच्या मजल्यावर राहते. एका कानानं कमी ऐकते, दुसऱ्यानं हवं तेवढंच.

"शालन, सात थर आहेत. मशीन खाणार नाही."

"मी लाइनची टेलर होते, कुंदे. जीन्सच्या कमरेवरून मशीन नेलीय मी."

"तेव्हा तुझे डोळे होते."

आतली शिवण हातानं घातली, तीही अर्ध्याच्या वर कुंदानं. पण कड राहिली तेव्हा माझ्यातली ती जुनी टेलर उठून बसली. तिला मी चांगली ओळखते. पंचवीस वर्षांची, ओठाला लाली, कामात सगळ्यांच्या पुढे आणि अकलेत सगळ्यांच्या मागे. तिनं गोधडी मशीनखाली सारली, पायडल दाबलं. तीन कडा सरळ गेल्या. चौथ्या कडेच्या कोपऱ्यावर, जिथे थर दुमडून चौदा झाले होते, तिथे आवाज आला.

टक्.

ज्यानं हे काम केलंय त्याला विचारा. हा आवाज आला की आधी टोक शोधायचं. सुईचं बूड मशीनमध्येच अडकलेलं. टोक नाही. मशीनवर नाही, जमिनीवर नाही, मांडीवर नाही. त्याच दुपारी हॉस्पिटलमधून प्राचीच्या नवऱ्याचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या, तीन दिवसांनी सोडणार होते. मी हसले, रडले, कुंदाच्या तोंडात साखर घातली. आणि पाठीमागे खाटेवर ती गोधडी, पोटात पोलादाचा काटा घेऊन घडी घालून बसलेली.

साकीनाक्याला सुईचा एक कायदा होता. आताही असेल. सुई तुटली की हात वर करायचा. मास्टर येणार, म्हणजे आमचा सुपरवायझर, कानात अत्तराचा बोळा, हातात लांबट रजिस्टर. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे रजिस्टरच्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवायचे. जोडून सुई पुरी झाली तरच नवी सुई. पुढे रकाना: सर्व तुकडे मिळाले, होय किंवा नाही. त्याच्यापुढे टेलरची सही. 'नाही' झालं तर लाइन बंद. त्या मशीनपासचे सगळे गठ्ठे सोडायचे, एकेक फ्रॉक चाचपायचा, तरी नाही मिळालं तर तो अख्खा माल बाद. लहान मुलांचे कपडे ना. मास्टर म्हणायचा, "बाई, तुमचं टोक तिकडे कुणाच्या तरी पोरीच्या मानेत निघेल." आम्ही पदरात तोंड घालून हसायचो. त्याचं 'टोक' म्हणताना नाक वर जायचं म्हणून.

चुंबकानं सुरुवात केली. कुंदाच्या फ्रिजवर एक आंबा चिकटलेला असतो, चुंबकाचा. तो आंबा मी गोधडीवर दोन तास फिरवला. काही नाही. टाक्यांच्या दोऱ्यात गच्च अडकलेलं टोक चुंबकाच्या बापालाही ओढता येणार नाही. बोटांनी चाचपायला गेले तर बोटं दगा देणारी. चाळीस वर्षं सुया टोचून टोचून त्यांना आता सुई कळतच नाही. गालानं चाचपली. खरं सांगते, म्हातारी बाई खाटेवर गुडघे टेकून गोधडीला इंच इंच गाल लावत होती. टोचलं असतं तर नाचले असते.

"फेकून दे, दुसरी शीव," असं कोण म्हणेल? साड्या सातच होत्या. विजू आता आठवी नेसणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साकीनाक्याला गेलो. मेटल डिटेक्टर घ्यायला. हा शब्द मी आयुष्यात मॉलच्या दारातच ऐकला होता, तोही माझ्या कमरेच्या चाव्या वाजल्या म्हणून. गल्ली तीच, मजला तोच, फक्त खाली आता चहावाल्याच्या जागी दुकान होतं आणि त्यात भिंतभर हीच यंत्रं टांगलेली. गल्ल्यावर चष्मा कपाळावर चढवलेला एक शेठ.

"क्या ढूँढना है, मौसी?"

"सुई का टोक."

शेठनं चष्मा खाली घेतला. मग मन लावून दाखवायला बसला बिचारा. पहिलं आलं ते वॉचमनच्या हातातलं दांडकं. ते चाकू पकडतं, बंदूक पकडतं, सुईच्या टोकाला ते विचारत नाही. दुसरं लांब दांड्याचं, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायचे भोंगे, त्यावर दहा बटणं. "खेत में हंडा-वंडा हो तो," शेठ म्हणाला. कुंदा माझ्या कानात कुजबुजली, म्हणजे सगळ्या दुकानाला ऐकू गेलं, "हे घे गं, गावच्या घरात सासूनं काय पुरलंय ते तरी कळेल." तिसरं टेबलाएवढं, पट्ट्यावरून कपडा आत जातो, बाहेर येतो. कारखान्यांसाठी. आमच्या घरात ते ठेवलं तर आम्हाला बाहेर जावं लागलं असतं.

"शेठ, आम्ही दोघी मिळून एकशे तीस वर्षांच्या आहोत. हिला ऐकू येत नाही, मला बारीक दिसत नाही. आणि परवा सकाळपर्यंत शिकायचंय. शिकायला सोपं असं दाखवा ना."

तेव्हा त्यानं खालच्या खणातून काढलं. इस्त्री. म्हणजे मला इस्त्रीच वाटली. तशीच मूठ, तसाच सपाट तळ, एकच बटण. लोखंड सापडलं की शिट्टी वाजते, लाल दिवा लागतो आणि मूठ थरथरते. "इस्त्री करना आता है ना, मौसी? बस, आ गया."

मूठ हातात घेतली आणि हाताला सगळं आठवलं. किती दाबायचं, किती सावकाश न्यायचं, कडेला कसं वळायचं. एखादी गोष्ट शिकायला सोपी म्हणजे काय, तर ती आपला हात कधीतरी शिकून विसरलेला असतो. ते यंत्र दोन दिवस भाड्यानं घेतलं. सोबत शेठनं एक पांढरं कार्ड दिलं, त्यात खसखशीच्या दाण्याएवढी लोखंडी गोळी. "पहले इसपे चलाओ. ये बोला तो मशीन सच्चा. इससे छोटा माल ये नहीं पकड़ेगा." शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि ऐकलंच नाही.

दुकानातून निघताना वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीला आता एसी होता. त्याच खिडकीपाशी माझी मशीन होती.

तिथेच एका थंडीत टक् झालं होतं. शिपमेंट दुसऱ्या दिवशी जायची. लिंबू फ्रॉकची मान मी वळवत होते, अकरा नंबरची सुई, आणि टोक गेलं. बूड हातात. आता हात वर करायचा की नाही? केला तर लाइन बंद, तीस बायका माझ्याकडे बघणार, सगळ्यांच्या घरी पोरं वाट बघत असलेली. मी सगळ्यात हुशार ना! मी आधीच एक तजवीज करून ठेवली होती. साबणाच्या वडीत सुया खोचून ठेवायची आमची रीत. माझ्या वडीच्या खालच्या बाजूला मी एक जुनं, दुसऱ्याच सुईचं टोक खोचून ठेवलं होतं. अडीअडचणीला असावं म्हणून! पंचवीस वर्षांच्या त्या बाईची दूरदृष्टी बघा. कुणी डाळ साठवतं, कुणी लोणचं, हिनं साठवलं सुईचं टोक.

ते टोक तिनं रजिस्टरवर बुडाला जोडून चिकटवलं. ते होतं चौदा नंबरचं, अंमळ जाडं. डोळस माणसाला दिसलं असतं. मास्टरला घाई होती. शेजारून कुंदानं पाहिलं, तिला दिसलं. तिनं डोळे मोठे केले. मी हळूच म्हटलं, "गप गं. एवढंसं टोक, कुणाला कळतंय?"

'होय'वर बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. तेव्हा नुकतीच सही शिकले होते रात्रीच्या शाळेत, वाकडी यायची, म्हणून अभिमान जास्त. मास्टर म्हणाला, "शाब्बास, शालनबाई." त्या संध्याकाळी मी भजी घेऊन घरी गेले. खाल्लीही.

दार उघडल्यावर विजूनं माझ्या गळ्यात हात टाकले, तेव्हा माझा गाल तिच्या मानेला लागला. फ्रॉक तिच्याच मापाचे होते हे मला तोवर नुसतं माहीत होतं, तेव्हा ते कळलं. त्या दिवसापासून विजूचा एकही नवा कपडा मी चाचपल्याशिवाय तिला घातला नाही. मानेपासून झालरीपर्यंत, चिमटीत धरून. शेजारणी म्हणायच्या, शालनला कापडाची किती पारख! विजू मोठी झाल्यावर हसायची, "आई, काय शोधतेस गं नेहमी?" मी कधी सांगितलं नाही. ते लिंबू फ्रॉक कुठल्या समुद्रापलीकडे गेले, कुठल्या मुलीनं घातले, काही झालं का झालंच नाही, या चाळीस वर्षांत कळायला मार्ग नव्हता. कळलं नाही म्हणजे झालं नाही, असं पहिली पाच वर्षं स्वतःला सांगितलं. मग सांगणंही सोडलं.

तर, इस्त्री. घरी आणून बटण दाबलं आणि ती बोंबलायला लागली. खाट लोखंडाची. गोधडी चटईवर घेतली. पुन्हा शिट्टी. माझ्या बांगडीत चार सेफ्टीपिना. त्या काढल्या. पुन्हा शिट्टी. कुंदाच्या बांगडीत सहा. त्या काढल्या तरी कुंदा जवळ आली की लाल दिवा. "माझ्या गुडघ्यात घातलंय ना डॉक्टरनं," ती अशा थाटात म्हणाली, जसा काही दागिनाच. मग ती लांब बसून दिव्यावर नजर ठेवायला लागली आणि मी घरातली सगळी इस्त्री न केलेली वर्षं त्या गोधडीवरून फिरवायला लागले.

आभाळीवरून गेले, पोपटीवरून गेले. वरून दिसत नव्हत्या, पण कुठे कोणती आहे ते मला माहीत होतं. तपकिरीवर आले तेव्हा हात थांबला. नेला पुढे. यंत्र गप्प. चौथ्या कोपऱ्यापासून वीतभर आत मूठ थरथरली, माझा खांदा थरथरला, कुंदा ओरडली, "दिवा, दिवा!"

दोन टाके उसवले. चिमट्यानं ओढलं. आलं! काळं, टोकदार, तिळाहून जरा लांब. कुंदानं मला मिठी मारली, यंत्र तिच्या गुडघ्याला बघून शिट्ट्या मारत सुटलं. दोन म्हाताऱ्या आणि एक इस्त्री, नुसता दंगा.

तो तिथेच संपायला हवा होता. पण कुठल्या खोडीनं कोण जाणे, मी काडेपेटीत जपून ठेवलेलं बूड काढलं, शेजारी हे टोक ठेवलं आणि पाकिटातली त्याच सोळा नंबरची कोरी सुई त्याच्या बाजूला. भिंगातून पाहिलं. दोघांची तोंडं जुळत नव्हती. मध्ये फट होती. तांदळाच्या कणीच्या चौथाईएवढी. सुईचे तीन तुकडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फिरवतेय. उभी, आडवी, उलटी. कार्डावर नेलं की शिट्टी, गोधडीवर आणलं की गप्प. खसखशीच्या दाण्याला बोलतं, तर याचं गप्प बसणं खरं मानायचं का? शेठला फोन केला. "मौसी, बोला था ना, उससे छोटा नहीं पकड़ेगा." यंत्र बोलायला लागलं की काय करायचं ते शेठनं शिकवलं होतं. ते बोलेनासं झालं की काय करायचं, ते कुणाकडे शिकायचं? कणी गोधडीत असेल. उडून जमिनीवर पडून झाडूबरोबर गेलीही असेल. दोन्ही तितकंच खरं, आणि उद्या सकाळी अकराला प्राची हॉस्पिटलमधून निघणार होती.

सगळं उसवावं म्हणून कात्रीचं टोक पांढऱ्या साडीच्या टाक्यात घातलं. दोरा तुटायच्या आधी साडी फाटली. फाटतानाही आवाज नाही, इतकी विरलेली. हातभर फाटली असती, मी कात्री टाकून दिली आणि तिथेच चटईवर बसले. विजू गेली तेव्हा इतकी हतबल नव्हते. तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. आता हातात गोधडी होती आणि हातच नव्हते.

कुंदा बाजूला बसली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "शालन, घडी घाल. एवढीशी कणी. कुणाला कळतंय?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला आठवत नव्हतं. माझंच वाक्य होतं, जपून ठेवलं होतं तिनं आणि आज प्रेमानं परत दिलं.

दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा वाजली. प्राची आली, कुशीत हॉस्पिटलच्या दुपट्यात गुंडाळलेली ती लिंबाएवढ्या तोंडाची पोर. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. प्राची आत आली ती सरळ चटईकडेच.

"आजी! झाली गोधडी? अगं, काय झकास झालीय." ती वाकली, बाळाला ठेवायला.

"थांब," मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं की पोर दचकून रडायला लागली.

मग सांगितलं. टोकाचं सांगितलं, कणीचं सांगितलं. आणि जे तिच्या आईला आयुष्यभर सांगितलं नव्हतं तेही. साबणाची वडी, लिंबू फ्रॉक, सही, भजी. प्राची बाळाला थोपटत उभ्यानंच ऐकत होती.

"वाट लावलीस ना, आजी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एकच मागितलं होतं."

"हो."

"आणि त्या फ्रॉकचं काय झालं?"

"माहीत नाही."

तिनं डोळे पुसले. मग बाळाला माझ्या मांडीवर दिलं, गोधडी उचलली आणि भिंतीवरच्या दोरीवर टाकली. बाळाच्या अंथरुणापासून लांब, समोरच्या भिंतीला. पांढरी बाजू वर. "बघू दे तिला," ती म्हणाली. आईला म्हणाली की लेकीला, मी विचारलं नाही.

यंत्र शेठकडे परत गेलं. घरात हिशोबाची एक वही आहे, तिच्या कोऱ्या पानावर मी बूड आणि टोक चिकटवलं, मध्ये फट सोडून. शेजारी लिहिलं: सर्व तुकडे मिळाले? नाही. खाली सही केली. चाळीस वर्षं झाली, अजून वाकडीच येते.